पालथ्याचं उताणं

सांगलीहून परतलेला हवालदार सयाजी ओट्यावर बसला तो पायातले बूट न काढताच. राहीबाईने पुढ्यात ठेवलेला चहा साय धरून निवला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय झालं? शिबिरात नापास केलं का काय?"

"न्हाई."

"मग चा का पिईनासा?"

"रीत बदलली," सयाजी म्हणाला.

"कसली?"

"मानूस जगवायची."

राहीबाई खांबाला टेकून खाली बसली. सयाजीने एक लांब सुस्कारा सोडला. "इतकी वर्सं आपुन बुडल्याला मानूस पालथा घालत हुतो. डाक्टरीनबाई म्हनत्यात, आता उताना घालायचा."

ही बातमी वरवर दिसते तेवढी साधी नव्हती. डोहवाडी हे गाव कृष्णेच्या वळणावर वसलेलं होतं. पलूसच्या बाजूने यायचं तर नावेत बसावं लागे, आणि गावच्या घाटाशीच नदीला खोल डोह होता. सयाजी फौजेच्या दवाखान्यात अर्दली होता. तिथे तो बुडालेल्या माणसाला श्वास देण्याची पद्धत शिकला होता: माणूस पालथा घालायचा, डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही तळव्यांनी पाठ दाबायची, सोडायची, मग कोपरं धरून वर ओढायची. पेन्शनीत आल्यावर त्याने ही विद्या गावातल्या पुरुषांना कवायतीसारखी शिकवली. "दाब, सोड, वड" असा त्याचा हुकूम सुटला की दहा-वीस गडी लेझमीच्या तालावर दाबत, सोडत आणि ओढत. तालुक्यातल्या स्पर्धेत गावाने पहिला नंबर काढला होता. त्याची पितळी ढाल ग्रामपंचायतीत खिळ्याला टांगलेली होती.

ही ढाल मिळाली ती मुख्यतः लालासाहेबामुळे. लालासाहेब हा एके काळचा पैलवान. त्याचे तळवे पोळपाटाएवढे होते. त्याने एकदा पाठ दाबली की खालच्या माणसाला बुडालेलं नसतानाही जिवंत झाल्यासारखं वाटे. आता या लालासाहेबाला जाऊन सांगायचं होतं की बाबा, तुझी विद्या रद्द झाली.

"सांगायलाच पायजे का?" राहीबाईने विचारलं.

"फौजेत नवा हुकूम आला की जुना गेला. त्यात दुख मानायचं नसतं."

"ही फौज न्हवं, डोहवाडी हाय," राहीबाई म्हणाली आणि चहा पुन्हा तापवायला आत घेऊन गेली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे जमले. सरपंच तात्या मधोमध बसले होते. ते लालासाहेबाचे सख्खे चुलते. सयाजीने उभं राहून, हात मागे बांधून, नवी रीत सांगितली. माणूस उताणा घालायचा, हनुवटी वर उचलायची, म्हणजे जीभ घशातून सरते आणि वाट मोकळी होते. मानेशी नाडी बघायची. नाडी नसली तरच छातीच्या मधल्या हाडावर तळहाताने दाब द्यायचा.

लालासाहेबाने हे शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "हवालदार, पान्यानं भरल्याली घागर उतानी ठिवून कवा रिकामी झालीया का?"

पारावर हशा पिकला.

"मानूस म्हंजी घागर न्हाई," सयाजी म्हणाला. "मानूस पोटातल्या पान्यानं मरत न्हाई, छातीत वारा न्हाई म्हनून मरतो. पानी काढीत बसायचं न्हाई, वारा घालायचा."

"मग ह्यो कोंडीबा कसा जगला?" तात्यांनी पारावर बसलेल्या कोंडीबाकडे बोट केलं. कोंडीबा तीनेक वर्षांपूर्वी डोहात पडला होता आणि लालासाहेबाने त्याला पालथा घालून वाचवला होता. तेव्हापासून असा काही विषय निघाला की त्याला पुराव्यासाठी उभं करत. आताही तो सवयीने उभा राहिला, छाती पुढे काढून दाखवली आणि बसला.

"कोंडीबा जगला, त्ये बरंच झालं," सयाजी म्हणाला. "पर जुन्या रीतीनं वारा थोडा जातो. नव्या रीतीनं भरपूर जातो. डाक्टरांनी मोजून बघितलंय."

"घालायचा कसा ह्यो वारा? पंपानं?"

आता हा भाग येणार हे सयाजीला माहीत होतं. तो सांगलीपासून नावेतून उतरेपर्यंत मनातल्या मनात याच वाक्याची तयारी करत आला होता. "नाक चिमटीत धरायचं," तो समोरच्या पिंपळाकडे बघत म्हणाला, "आन त्याच्या तोंडाला आपलं तोंड लावून फुकायचं."

पारावर इतकी शांतता पसरली की देवळातली पाल ऐकू आली.

"कुनाच्या तोंडाला?" कुणीतरी विचारलं.

"बुडल्याल्याच्या."

"त्यो दाढीमिशीवाला आसला तर?"

"आसला तर आसला."

"आन बाईमानूस आसलं तर?" तात्यांनी आवाज खाली आणला.

"आन तिनं मिसरी लावल्याली आसली तर?" कोंडीबाला वेगळीच काळजी पडली होती.

लालासाहेब उठला, धोतराचा सोगा झटकला. "हवालदार, तुमास्नी आमी गुरू मानतो. पर दुसऱ्याच्या तोंडचं उष्टं पानी पीत न्हाई आमी, आन तुमी उष्टा वारा घ्या म्हनताय. बुडल्याल्याला शुद्ध आली आन त्यानं इचारलं, माझ्या तोंडाजवळ काय करत हुतास, तर काय सांगायचं?"

तात्यांनी निवाडा दिला. दिवाळी झाल्यावर सांगलीच्या डॉक्टरीणबाई गावाची तयारी बघायला येणार होत्याच. त्यांच्यापुढे जुनी रीत अशी झोकात करून दाखवायची, की बाईंनी सांगलीला जाऊन त्यांचंच पुस्तक दुरुस्त करावं.

सयाजीने वाद घातला नाही. घरी आल्यावर त्याने कोनाड्यातला जुना लोड काढला, त्याची शिवण उसवली आणि शाळेतल्या मास्तरांकडून मागून आणलेला फुटबॉलचा ब्लॅडर आत बसवला. त्याची नळी वर काढून एका मडक्याला पाडलेल्या भोकातून घातली. मडक्याला कोळशाने डोळे काढले. मग त्याने नळीला तोंड लावून फुंकर मारली. लोडाची छाती जराशी हलली आणि सयाजीला खोकल्याची उबळ आली. फौजेतून त्याने पेन्शनीबरोबर बिडीही आणली होती.

राहीबाई चुलीपुढे बसून हे बघत होती. तो पाचव्यांदा खोकल्यावर ती उठली.

"सरा तिकडं."

तिने पदराने नळी पुसली, तोंड लावलं आणि सावकाश, न तुटता, लांब फुंकर घातली. लोडाची छाती तव्यावरच्या पोळीसारखी टम्म फुगली. राहीबाईने तोंड काढलं, छाती खाली बसली, तिने पुन्हा फुगवली.

सयाजी बघतच राहिला. "आगं, ही तर शिबिरात बाईंनी दावली तशीच. तुला कुनी शिकिवलं?"

"लगीन झाल्यापास्नं फुकनी फुकतीया," राहीबाई म्हणाली. "सरपान वलं आसलं तर अशीच लांब फुकर लागती. तुमी मारताय तशी तुटक मारली तर जाळ न्हाई व्हत, डोळ्यात धूर जातो."

त्या रात्री सयाजीची भाकरी खाऊन झाली. पाण्याचा तांब्या खाली ठेवून तो एवढंच म्हणाला, "उद्यापास्नं आनि कुनी येत्यात का बघ."

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी सयाजीच्या परसात बायका येऊ लागल्या. कुणी चाळण मागायला, कुणी विस्तव न्यायला. लालासाहेबाची बायको साळूबाई विरजण न्यायला यायची. ती अंगाने शेलाटी, बोलायला जवळजवळ मुकीच. नवऱ्याच्या दहा पावलं मागून चालायची, आणि तात्या दिसले की डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीशी उभी राहायची. पण तिचं घर नदीकाठच्या मळ्यात होतं, चूल उघड्यावर होती, सरपण कायम ओलसर. त्यामुळे तिची फुंकर सगळ्यात लांब निघाली. पहिल्याच दिवशी तिने लोड एवढा फुगवला की शिवण पुन्हा उसवली.

बायकांनी लोडाला 'पावनं' असं नाव ठेवलं. "पावनं उठलं का?" "न्हाई, अजून झोपल्यात." असं चालायचं. छातीवर दाब कसा द्यायचा हे सयाजी सांगायला लागला, की हात कोपरात वाकवायचे नाहीत, भार सरळ खाली, तेव्हा राहीबाई म्हणाली, "म्हंजी जात्यावानी न्हाई, उखळावानी." आणि सगळ्यांना कळलं. सयाजी मात्र एक गोष्ट रोज बजावायचा. जित्या, धडधाकट माणसाच्या छातीवर हा प्रयोग करायचा नाही. आधी मान चाचपायची. नाडी लागली तर नुसता वारा घालायचा, दाबायचं नाही.

"आपलं दही हल्ली लागत का न्हाई गं?" एका रात्री लालासाहेबाने विचारलं. "रोज इरजान आनतीस."

"थंडी हाय," साळूबाई म्हणाली.

दिवाळी झाली आणि डॉक्टरीणबाई यायचा दिवस उजाडला. विनोदिनीबाई सांगलीच्या, तरुण, डोळ्यांना चष्मा. सकाळीच एसटीने निघून त्या पलीकडच्या काठाला पोचणार होत्या. नावाडी बिराप्पा नाव घेऊन तिकडे गेला. इकडे घाटावर सगळा गाव लोटला. पुरुष पायऱ्यांवर, बायका वरच्या बाजूला बाभळीखाली.

लालासाहेबाने यंदा एक बेत केला होता. दर वेळी कुणीतरी पोरगा कोरड्या जमिनीवर डोळे मिटून पडायचा आणि मधेच हसायचा. त्यात काही राम नव्हता. तेव्हा बुडालेला माणूस खराखुरा पाण्यातून काढायचा, आणि तो माणूस लालासाहेब स्वतः. बाईंची नाव मध्यावर आली की त्याने पाण्यात हातपाय मारायचे. मग त्याच्या सहा चेल्यांनी उड्या टाकून त्याला काढायचं, पालथं घालायचं, "दाब, सोड, वड" करायचं आणि त्याने दंड थोपटत उठायचं.

"तुला पालथा घालायचा म्हंजी खेळ न्हाई," तात्या म्हणाले.

"सा जन हायत की."

लांबून उठून दिसावं म्हणून त्याने भगवा फेटा बांधला. अंगाला चकाकी यावी म्हणून तेल चोपडलं, कुस्तीच्या दिवसांत चोपडायचा तसं. पाण्यात जोर यावा म्हणून न्याहारीही भरभक्कम केली. बाईंची नाव निघालेली दिसली तसा तो धोतर न सोडताच कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि हात वर करून ओरडला, "बुडलो रं गड्यांनो."

पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. लालासाहेबाने एक गटांगळी मारून दाखवली, वर आला, मिशा झटकल्या, पुन्हा गटांगळी मारली. चेले अजून थांबले होते, कारण नाव मध्यावर यायची होती. तेवढ्यात तो एक पाऊल मागे सरला. तिथे सोसायटीच्या मोटारीचा पाइप पाण्यात सोडलेला होता आणि त्याच्या टोकाला गाळ अडवायची लोखंडी जाळी होती. धोतराचा सोगा त्या जाळीत गुंतला. लालासाहेबाने तो ओढायला पाय उचलला, दुसरा पाय शेवाळावरून सुटला, आणि तो सरळ डोहात गेला.

आता त्याचे हात खरोखरच वर आले.

"आत्ता रंग भरला," तात्या म्हणाले. "मगाशी जरा कच्चं वाटत हुतं."

"काय सोंग करतोय गडी," कोंडीबा कौतुकाने म्हणाला. "मी बुडलो तवा मला बी इतकं झ्याक जमलं न्हवतं."

नदीच्या मध्यावर बिराप्पाने वल्ही उचलून धरली होती. त्यालाही बघायचं होतं.

"अहो, नाव का थांबवलीत?" विनोदिनीबाई उभ्या राहिल्या. "तो माणूस बुडतोय तिकडे."

"व्हय," बिराप्पा म्हणाला. "तुमच्यासाटीच बुडतोय."

"माझ्यासाठी?"

"तुमी येनार म्हनून समदी तयारी केलीया. बसा बाई, नाव हालती."

बाईंनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन काठाकडे हाका मारल्या. काठावरच्यांना वाटलं, बाई खूश झाल्या. त्यांनीही हात हलवले.

तेवढ्यात भगवा फेटा लालासाहेबाच्या डोक्यावरून सुटला आणि पाण्यावर उलगडत निघाला. बाभळीखाली उभ्या असलेल्या साळूबाईने तो पाहिला.

"राहीवैनी, ह्यांचा फेटा गेला."

"सोंगात जायाचाच की."

"न्हाई. फेटा गेला आन ह्ये बघनात. घराला आग लागली तर ह्ये मला टाकून आदी फेटा उचलतील." आणि ज्या साळूबाईचा आवाज तिच्या शेजाऱ्यांनीही कधी धड ऐकला नव्हता, ती अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आवं, ह्ये खरंच बुडाय लागल्यात. काढा त्यास्नी."

सहा चेल्यांनी एकदम उड्या टाकल्या. धोतर निघेना, शेवटी ते टरकावून पाइपाला सोडलं आणि लंगोटावर लालासाहेबाला ओढत काठावर आणलं. त्याचे ओठ जांभळे पडले होते. छाती हलत नव्हती.

घाटावरचं हसू एका क्षणात आटलं. चेले मात्र शिकवल्याप्रमाणे कामाला लागले. तिघांनी खांदे धरले, तिघांनी मांड्या, आणि पालथा घालायला जोर लावला. पण अंगाला तेल होतं आणि तेलावर पाणी. लालासाहेब अर्धा कलला, त्यांच्या हातातून सुटला आणि पुन्हा उताणा झाला. त्यांनी पुन्हा लावला. तो पुन्हा उताणा झाला.

"आरं पालथा घाला, दाबायचं कवा?" तात्या पायरीवरून ओरडले.

"दाबनार कोन?" एक चेला रडवेला होऊन म्हणाला. "दर बारीला लालादादाच दाबतो."

सयाजी पायऱ्या उतरून धावत आला होता. त्याने त्या सहा जणांना बाजूला लोटलं, गुडघे टेकले आणि लालासाहेबाच्या जाड मानेत दोन बोटं रुतवली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाडी हाय," तो म्हणाला. "श्वास न्हाई. छातीला कुनी हात लावायचा न्हाई." त्याने हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं, वाकून फुंकर मारली. धावल्याने त्याचा स्वतःचाच दम संपला होता. अर्ध्या फुंकरीत त्याला खोकला आला. त्याने पुन्हा तोंड लावलं, पुन्हा खोकला.

"साळू," राहीबाई म्हणाली.

साळूबाई आधीच खाली आली होती. ती नवऱ्याच्या डोक्याशी बसली तसा तात्यांनी हात पुढे केला. "आगं सूनबाई, समद्या गावाम्होरं..."

साळूबाईने मान वर करून चुलतसासऱ्याकडे सरळ पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. "मामंजी, गावाला म्हनावं, पाठ करून उबं ऱ्हावा."

सयाजीने खोकत खोकतच फौजेतला हुकूम सोडला, "पीछे मुड." आणि डोहवाडीचे समस्त पुरुष, सरपंचांसकट, नदीला पाठ करून मारुतीच्या देवळाकडे तोंड करून उभे राहिले.

साळूबाईने पदर खोचला, तोंड लावलं आणि फुंकर घातली. लालासाहेबाची ती मोठी छाती वर आली.

"आली," राहीबाई म्हणाली. "सोड. पुन्यांदा."

छाती खाली बसली. पुन्हा वर आली. साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण फुंकर कुठे तुटत नव्हती. सयाजीची बोटं मानेवरच होती. आसपासच्या बायका श्वास रोखून बघत होत्या, आणि पाठमोऱ्या पुरुषांमधून कुणीतरी हळूच विचारलं, "बघू का?"

"न्हाई," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या.

"वैनी, ह्ये उठनात," साळूबाई दम घेताना म्हणाली.

"वलं सरपान लगीच पेटतंय व्हय? जाळ दिसंपातूर थांबायचं न्हाई. फुक."

साळूबाई फुंकत राहिली. किती वेळ गेला ते कुणाला सांगता आलं नाही. पुरुषांनी देवळाचा कळस एवढा वेळ कधीच पाहिला नव्हता. आणि मग लालासाहेबाच्या घशातून घरघर आली, पोट ढवळलं, सयाजीने चटकन त्याला कुशीवर केलं आणि कृष्णामाईचं पाणी न्याहारीसकट बाहेर पडलं. तो खोकला, श्वास ओढला, पुन्हा खोकला. इतक्या ओंगळ आवाजाने इतका आनंद त्या घाटावर आधी कधी झाला नसेल. साळूबाई मागे सरकून बसली आणि तिने प्रथम काय केलं असेल तर पदर डोक्यावर घेतला.

"फिरा आता," राहीबाई पुरुषांना म्हणाली.

ते वळले. लालासाहेब ओल्या पायरीला टेकून बसला होता. त्याची नजर हळूहळू थाऱ्यावर आली. समोर त्याचे सहा चेले डोळे पुसत उभे होते. ते पाहून त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बघिटलंसा तात्या?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पालथं घाटलं की मानूस उठतोच. आन पोरांचा हात बी कसा हलका बसलाय. पाठ म्हनून दुखंना."

तेवढ्यात नाव काठाला लागली. विनोदिनीबाई गुडघाभर पाण्यात उडी मारून आल्या, त्याच्याजवळ बसल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. लालासाहेबाने तोंडावरून हात फिरवला आणि हाताकडे बघून दचकला.

"बाई, रगात."

बाईंनी त्याच्या नाकाच्या शेंड्यावरची लाली बोटाने पुसून पाहिली. "रक्त नाही. कुंकू आहे."

"कुंकू? कुनाचं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तात्या पुन्हा देवळाकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी पदराच्या आडून साळूबाई म्हणाली, "माझं हाय. आनि कुनाचं आसंल?"

लालासाहेबाने बायकोकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकवाचा नुसता फराटा उरला होता. मग त्याने आपल्या चेल्यांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या.

"तुम्ही दिला श्वास?" विनोदिनीबाईंनी साळूबाईचा हात धरला. "एवढ्या थोराड देहात? दोन गडी थकले असते. कधी शिकलात?"

"इरजान आनाय जात हुते तवा," साळूबाई म्हणाली.

न लागलेल्या दह्याचा सगळा हिशेब लालासाहेबाला तिथल्या तिथे लागला असावा. "आगं," तो शेवटी म्हणाला, "म्हंजी दही लागत हुतं तर."

सगळा घाट हसला, आणि हसता हसता बरेच जण डोळे पुसू लागले. पाण्यातून निघालेल्या माणसाची छाती नंतरही दगा देते, असं सांगून बाईंनी त्याला तपासणीसाठी सांगलीला नेलं. नावेत साळूबाई त्याच्या शेजारी बसली, दहा पावलं मागे बसायला नावेत जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी दोघं परतले तेव्हा घाटावर हलगी वाजत होती. राहीबाईने पुढे होऊन साळूबाईला ओवाळलं. लालासाहेब पाठीमागे भाजीची पिशवी धरून उभा होता.

त्यानंतर पारावरच नवी शाळा सुरू झाली. 'पावनं' मधोमध झोपलेलं असायचं, राहीबाई शिकवायची, सयाजी मडकं फुटलं की नवं आणायचा. पुरुष ओळीने बसून फुंकायला शिकले. त्यांची फुंकर तुटक यायची. मग राहीबाईने फर्मान काढलं की घरी जाऊन महिनाभर चूल पेटवा, फुंकर आपोआप सुधारते. काहींनी पेटवलीही. लालासाहेब तर प्रचारकच झाला. पलूस, कडेगाव, जिथे जाईल तिथे तो माणसांना थांबवून सांगे, "उताना घालायचा. जो पालथा घालतो त्यो अडानी."

वर्ष गेलं. विनोदिनीबाई पुन्हा आल्या. या खेपेला पारावर बायका पुढे बसल्या होत्या आणि पुरुष मागे. बाईंनी सगळ्यांचं काम पाहिलं, मनापासून वाखाणलं. पण त्या जरा अडखळत होत्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या मेहनतीने शिकलात म्हणून मला जिवावर येतंय. पण जाणत्या डॉक्टरांनी पुन्हा विचार केलाय. सुरुवातीच्या फुंकरी किती आणि त्यानंतर दाब किती, ते गणित आता बदललंय."

सयाजीचा चेहरा गेल्या वर्षीसारखाच पडला. पारावर कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतून लालासाहेब उठला. त्याने फेटा नीट केला.

"बाई, तुमास्नी आमी मानतो," तो गंभीरपणे म्हणाला. "पर ह्या रीतीनं मी जिता हाय. माझ्या बायकूनं ह्या रीतीनं मला परत आनलंय. ही आमची जुनी रीत हाय. हिच्यातली एक फुकर बी हिकडची तिकडं करायची न्हाई."

"व्हय," कोंडीबा म्हणाला. "आन माझी त्याच्या आदीची हाय. ती बी रद्द करायला नगं हुती."

तात्यांनी घसा साफ केला. ते ठराव मांडणार असं दिसताच साळूबाई उठली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं.

"तुमी खाली बसा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तो बसला. मग ती बाईंकडे वळली. "बाई, जिवाला लावून घिऊ नका. आमी लगीन हून हितं आलो तवा आमटीच्या फोडनीपास्नं पदर घ्यायपातूर समदं नव्यानं शिकलो. आईनं शिकिवलं त्ये सासूनं चूक म्हनलं. सासू गेली, जाऊ थोरली झाली, तिनं सासूचं चूक म्हनलं. आमी काय मेलो न्हाई. नवी मोजनी तेवडी सांगा, चा उकळंपातूर आमी शिकून मोकळ्या व्हतो."

बाईंनी सांगितली. बायकांनी लोड पुढे ओढला.

चहा आला तेव्हा त्यांचं शिकून झालं होतं. मागच्या रांगेत पुरुषांची चर्चा मात्र रंगात आली होती, आणि सयाजी त्यांना समजावत होता की माणूस म्हणजे घागर नाही.